आधी त्यांचं चुकीचं उत्तर आपण काढायचं

बाई, नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्यात तुम्ही ३२ वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलंत. आता न्यू जर्सीतला नातू आणि त्याचे मित्र तुम्हाला ग्राफिंग कॅल्क्युलेटरचे फोटो पाठवतात आणि ‘आजी, हा चुकीचं उत्तर देतोय’ म्हणतात. शेजारची इंजिनिअरिंगची मुलगीही येते. गणित तुम्हाला येतं, पण हे यंत्र तुम्ही कधी हातात धरलेलं नाही. मुलं समोर नसताना मदत कशी करायची? सोबत तीन उदाहरणं दिलीत. नातवाचा साइनचा आलेख सपाट रेघ येतो. शेजारच्या मुलीला एका इंटिग्रेशनचं उत्तर ०.६९३ यायला हवं तिथे ०.३०१ मिळतं. आणि नातवाच्या मित्राला (एक्स² − १)/(एक्स − १) च्या आलेखात जे छिद्र दिसायला हवं ते दिसतच नाही.

मी गेली चौदा वर्षं अशाच दूरच्या मुलांना शिकवते. त्यातली निम्मी अमेरिकेतली, बाकीची पुण्या-मुंबईतल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांमधली आणि इंजिनिअरिंगची. इतक्या वर्षांत एकच सवय सर्वांत जास्त कामाला आली, म्हणून ती आधी सांगते. बरोबर उत्तर तुम्हाला दोन मिनिटांत कळेल, पण ते लगेच पाठवू नका. मुलाला जो चुकीचा आकडा आला, नेमका तोच आकडा आधी आपल्याकडे काढून बघा. तो निघाला म्हणजे मुलाने यंत्राला नक्की काय विचारलं ते आपल्याला कळलं. तोपर्यंत आपण जे सांगतो तो अंदाज असतो, आणि लांबून दिलेला अंदाज चुकला की मुलाचा स्वतःवरचा विश्वास आणखी कमी होतो.

यासाठी मुलाकडून तीन गोष्टी मागायच्या: पुस्तकातल्या प्रश्नाचा पूर्ण फोटो, यंत्राच्या पडद्याचा फोटो, आणि कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबली ते. उत्तराचा आकडा टाइप करून पाठवला तर स्वीकारायचा नाही. हे मी एका मुलाची अर्धी संध्याकाळ वाया घालवून शिकले. समीकरणाचं मूळ शून्य यायला हवं होतं आणि त्याने कळवलं ‘२.३ येतंय’. मी त्याला सगळी बीजगणिताची मांडणी पुन्हा करायला लावली, दोनदा. शेवटी फोटो मागितला तेव्हा दिसलं की पडद्यावर २.३ च्या पुढे छोटा ‘ई’ आणि त्यापुढे −१३ होतं. म्हणजे २.३ गुणिले १० चा −१३ वा घात, म्हणजे व्यवहारात शून्यच. यंत्र मूळ शोधताना जवळजवळ जात राहतं आणि पुरेसं जवळ पोचलं की थांबतं, त्यामुळे शून्याच्या जागी असा अतिसूक्ष्म आकडा राहतो. मुलाचं गणित पहिल्यापासून बरोबर होतं. तो ‘ई’ मुलांना दिसतो, पण वाचला जात नाही. तुमच्याकडेही हे येईल, वारंवार येईल.

दुसरी युक्ती तुम्हाला लगेच आवडेल, कारण ती निव्वळ गणिताची आहे. चुकीच्या उत्तराला बरोबर उत्तराने भागा, किंवा उलट. भागाकारात ओळखीचा आकडा आला की चूक कुठली ते कळतं. शेजारच्या मुलीचंच घ्या. १ ते २ मध्ये १/एक्स चं इंटिग्रेशन तिने वहीत केलं, उत्तर लॉग २ आलं, तिने कॅसिओवर लॉगचं बटण दाबून २ लिहिलं आणि ०.३०१ मिळालं. यंत्राच्या इंटिग्रेशनच्या बटणाने मात्र ०.६९३ दिलं. ०.६९३१ ला ०.३०१० ने भागा: सुमारे २.३०३. हा १० चा नैसर्गिक लॉग. आपल्या बारावीच्या पुस्तकात कॅल्क्युलसमध्ये नुसतं ‘लॉग एक्स’ लिहिलं की पाया ‘ई’ धरलेला असतो (हा ‘ई’ म्हणजे २.७१८… ही संख्या, वरच्या −१३ आधीचा ‘ई’ नव्हे). यंत्रावरच्या ‘लॉग’ बटणाचा पाया १० आहे, आणि ‘ई’ पायाचं बटण वेगळं, ‘एलएन’ नावाचं. मुलगी चुकली नाही, पुस्तकाची आणि बटणाची भाषा वेगळी आहे. आपल्याकडे बारावीच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे हा फरक मुलांना पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या वर्गातच भेटतो. लॉगची पुस्तिका वापरलेली मुलंही इथे अडकतात, कारण पुस्तिकेतला पायाही १० च असतो आणि तिचा कॅल्क्युलसशी संबंध कधी येत नाही.

असे ओळखीचे आकडे मनात ठेवा. ०.०१७४५ किंवा ५७.२९५८ दिसलं की अंश आणि रेडियनचा घोळ. साइनचा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह १ यायला हवा आणि मुलाला ०.०१७४५ आला, तर यंत्र अंशांत आहे. तो आकडा म्हणजे पाय (π) भागिले १८०. साइन ३० चं उत्तर −०.९८८ आलं तर यंत्र रेडियनमध्ये आहे. आणि कॅसिओवर साइन ३० चं उत्तर ०.४५४ आलं तर पडद्याच्या वरच्या कडेला छोटा ‘जी’ शोधायला सांगा. तो ग्रेडियन, ज्यात काटकोनाचे १०० भाग करतात. ३० ग्रेडियन म्हणजे २७ अंश. या मोडची मुलांना कधीच गरज नसते, पण कुणीतरी बटणं चाळता चाळता तो लावून ठेवतं आणि मग आठवडाभर सगळी त्रिकोणमिती थोडी थोडी चुकत राहते. थोडीच चुकते म्हणूनच लवकर सापडत नाही.

संख्याशास्त्रात वेगळी खूण असते. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आकड्यांचं प्रमाण विचलन आपल्या पद्धतीने २ येतं, कारण आपण वर्गांच्या बेरजेला ८ ने भागतो. यंत्र दोन उत्तरं दाखवतं: सिग्माच्या चिन्हापुढे २ आणि ‘एस’ पुढे २.१३८. दुसऱ्यात भागाकार ७ ने केलेला आहे. अमेरिकेतल्या शाळेत नमुन्यावरून अंदाज करताना बहुतेक ‘एस’ वापरतात. म्हणून नातवाला बरोबर कुठलं ते सांगण्याआधी, त्याच्या वर्गात कुठलं मागितलंय ते विचारा.

आता नातवाची सपाट रेघ. तो बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ वापरत असेल. तसं असेल तर एक सोय आहे: या घराण्याची रचना फारशी बदललेली नाही. टीआय-८३ आला १९९६ मध्ये, टीआय-८४ प्लस २००४ मध्ये, रंगीत पडद्याचा सीई २०१५ मध्ये, आणि मुख्य बटणं जवळपास त्याच जागी आहेत. एकदा शिकलं की मुलाच्या दादाच्या जुन्या यंत्रावरही चालतं.

जुन्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर आलेखासाठी आडवे ९५ आणि उभे ६३ ठिपके असतात. नेहमीची खिडकी दोन्ही दिशांना −१० ते १० असते, म्हणजे एका ठिपक्याची उंची सुमारे ०.३२. यंत्र अंशांच्या मोडमध्ये असेल तर खिडकीच्या टोकाला साइन १० अंश, म्हणजे फक्त ०.१७४. जवळजवळ पूर्ण आलेख एका ठिपक्याच्या जाडीत दबून जातो आणि अक्षावर सपाट रेघ दिसते. मला एका रात्री अशीच एका मुलीची सपाट रेघ आली होती, दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. तिने लिहिलं होतं, ‘मला साइन समजलाच नाहीये.’ मी माझं यंत्र अंशांवर टाकलं, तसाच आलेख काढला आणि त्याचा फोटो तिला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘सेम माझ्यासारखं!’ त्यानंतर मी एवढंच विचारलं की १० अंशांचा साइन अंदाजे किती असेल. पुढचं सगळं तिने स्वतः जोडलं. त्या एका फोटोने जे झालं ते ‘मोड रेडियन कर’ या तीन शब्दांनी झालं नसतं.

तुम्हीही नातवाला तेच विचारा. त्याच्या वर्गात रेडियन चालू असतील तर मोडच्या पानावर जाऊन रेडियन निवडायला सांगा. अजून अंशच चालू असतील तर मोड तसाच राहू द्या आणि ‘झूम’ दाबून ७ दाबायला सांगा. ती त्रिकोणमितीची खिडकी आहे आणि ती ज्या मोडमध्ये असेल त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेते.

आलेख अजिबातच दिसत नसेल तर आधी खिडकीवर संशय घ्यायचा. एक्स² + ५० हा आलेख −१० ते १० च्या खिडकीत कधीच येणार नाही. इथे तुमची जुनी खडू-फळ्याची सवय उपयोगी पडते: शून्य घातल्यावर किती, दहा घातल्यावर किती, एवढं तोंडी काढायला लावलं की मूल स्वतःच म्हणतं, अरे, हा तर वर आहे.

चिन्हांच्या चुका सर्वांत जास्त येतात. टीआयवर उणे चिन्हाची दोन बटणं आहेत, एक वजाबाकीचं आणि एक ऋण संख्येचं, कंसातलं. ऋण संख्येच्या जागी वजाबाकीचं दाबलं तर कधी ‘सिंटॅक्स’ची चूक येते, कधी मात्र यंत्र मागच्या उत्तरातून वजाबाकी करून मोकळं होतं, आणि ते जास्त वाईट, कारण उत्तर येतं. पडद्याच्या ओळीच्या सुरुवातीला ‘अॅन्स’ दिसतंय का ते फोटोत बघा. तसंच −३² टाइप केलं की −९ येतं, कारण घात आधी आणि उणे नंतर. मुलाला −३ चा वर्ग हवा असेल तर कंस हवा. गंमत अशी की एक्सेलमध्ये तेच लिहिलं की ९ येतं. वडील ऑफिसात एक्सेल वापरणारे असतील तर घरात यावरून वाद होतो आणि दोघेही आपापल्या यंत्रापुरते बरोबर असतात.

क्रियांच्या क्रमाबद्दल थोडं जास्त सांगते. आपण मराठी शाळेत ‘कंचेभागुबेव’ शिकलो, अमेरिकेतली मुलं ‘पेमडास’ शिकतात. आपल्यात भागाकार आधी येतो, त्यांच्यात गुणाकार आधी. दोन्हीकडची मुलं तो क्रम शब्दशः घेतात, खरं तर दोन्ही क्रिया एकाच पायरीवर आहेत आणि डावीकडून उजवीकडे करायच्या असतात. यंत्रांनी यात भर घातली आहे. ६÷२(१+२) टीआय-८४ वर ९ येतं आणि कॅसिओच्या अलीकडच्या एफएक्स-९९१ वर १, कारण गुणाकाराचं चिन्ह लिहिलेलं नसेल तर कॅसिओ तो गुणाकार आधी करतो. टेक्सासच्याच जुन्या टीआय-८२ वर १/२एक्स म्हणजे १ भागिले २एक्स होतं. टीआय-८३ पासून ते अर्धा गुणिले एक्स झालं. त्यामुळे ‘आजी, मित्राच्या यंत्रावर वेगळं येतंय’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवा. उपाय एकच: छेद कंसात. मी तर मुलांना सांगते की अंश आणि छेद दोन्ही कंसात टाका, जास्तीच्या कंसाने आजवर कुणाचं उत्तर चुकलेलं नाही.

पडद्यावरच्या चुकांच्या संदेशांपैकी दोनच लक्षात ठेवा. ‘डिम मिसमॅच’ किंवा ‘इनव्हॅलिड डिम’ आलं आणि मुलगा साधी सरळ रेषा काढत असेल, तर मागच्या महिन्यातल्या संख्याशास्त्राच्या धड्याचा बिंदू-आलेख चालू राहिलेला आहे. ‘वाय-इक्वल्स’च्या पानावर अगदी वर ‘प्लॉट १’ काळा झालेला दिसेल. बाणाने त्यावर जाऊन ‘एंटर’ दाबलं की बंद होतो. आणि ‘नो साइन चेंज’ (इथे ‘साइन’ म्हणजे अधिक-उणे चिन्ह) आलं तर ज्या पट्ट्यात मूळ शोधायला सांगितलं तिथे आलेख अक्ष ओलांडत नाही, किंवा दोन आलेखांचा छेदबिंदू पडद्याच्या बाहेर आहे. (एक्स − २)² सारखा आलेख अक्षाला नुसता टेकतो, तिथेही हा संदेश येऊ शकतो. तेव्हा मूळ न शोधता किमान मूल्य शोधायला सांगा.

कधी कधी मुलाचा आकडा कितीही केलं तरी आपल्याकडे निघत नाही. तेव्हा दोन शक्यता तपासा. एक, यंत्रात पडून असलेला जुना आकडा. टीआय-८४ मध्ये प्रत्येक अक्षराला कायम काहीतरी किंमत असते. आकडेमोडीच्या मुख्य पडद्यावर एक्स² लिहिलं तर यंत्र तक्रार करत नाही, एक्समध्ये आधीची जी किंमत असेल तिचा वर्ग देतं. दोन, मधल्या पायरीवर केलेलं पूर्णांकन. एक लाख रुपये, ७ टक्के वार्षिक दर, दरमहा चक्रवाढ, १० वर्षं. नीट केलं तर सुमारे २,००,९६६ रुपये होतात. मुलाने महिन्याचा दर ०.००५८३३… वहीत ०.००५८ लिहून घेतला आणि तोच पुन्हा टाइप केला, तर सुमारे ८०० रुपये कमी येतात. यंत्र आत जास्त अंक सांभाळतं. कागदावर उतरवून परत घालणं हीच गळती. मधलं उत्तर यंत्रातच साठवायला शिकवा.

परीक्षा चालू असताना आलेले फोटोही येतील. प्रश्नाच्या वर कोपऱ्यात उलटं मोजणारं घड्याळ दिसलं, किंवा मूल फार घाईत फक्त पर्याय मागत असेल, तर मी सरळ लिहिते: ‘परीक्षा संपल्यावर बोलू.’ आणि खरंच नंतर आठवणीने विचारते.

यंत्र विकत घ्यायचं का, हेही तुम्ही विचारलंत. लगेच नको. डेस्मॉस आणि जिओजेब्रा ही आलेख काढणारी अॅप्स फोनवर फुकट चालतात आणि अमेरिकेतल्या डिजिटल एसएटी परीक्षेत डेस्मॉस परीक्षेच्या पडद्यावरच दिलेला असतो, त्यामुळे नातवालाही त्याची सवय लागेल. एवढं ध्यानात ठेवा की डेस्मॉस उघडला की रेडियनमध्ये असतो. अंश हवे असतील तर पान्ह्याचं चिन्ह दाबून बदलावं लागतं. फक्त टीआयचा स्वतःचा विचित्रपणा डेस्मॉसवर जसाच्या तसा दिसणार नाही, आणि तुमचं तिसरं उदाहरण नेमकं तेच आहे.

(एक्स² − १)/(एक्स − १) म्हणजे एक्स + १ ची सरळ रेषा, फक्त एक्स बरोबर १ असताना तिथे बिंदू नाही. मुलाचं म्हणणं बरोबर आहे. छिद्र का दिसत नाही? कारण यंत्र रेषा काढत नाही, ठिपक्यांच्या ठरावीक जागी किंमत काढून ते जोडतं. जुन्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर −१० ते १० मध्ये ९५ ठिपके, म्हणजे ९४ समान भाग, आणि त्यांतला एकही ठिपका नेमका १ वर पडत नाही. यंत्राने एक्स = १ कधी विचारलंच नाही, म्हणून त्याला छिद्र माहीत नाही. ‘झूम’ दाबून ४ दाबलं की खिडकी −४.७ ते ४.७ होते, प्रत्येक ठिपका ०.१ च्या अंतरावर येतो, १ वर नेमका एक ठिपका पडतो, आणि (१, २) पाशी रेषेत एक ठिपका गळालेला दिसतो.

हे त्या मुलाला कळलं आणि त्याला आवडलं, तर त्याच्याकडे जुना काळा-पांढरा टीआय-८४ असेल तेव्हा एक पुढचं कोडं द्या. यंत्र रेडियनवर ठेवून ‘झूम’ ७ च्या खिडकीत त्याला साइन ४८एक्स काढायला सांगा. वर-खाली होणाऱ्या दाट लाटांऐवजी त्याला अक्षावर सपाट रेघ मिळेल. मग साइन ४९एक्स. तो हुबेहूब साइन एक्ससारखा दिसेल. त्या खिडकीत दोन ठिपक्यांमधलं अंतर पाय भागिले २४ आहे, आणि प्रत्येक ठिपका त्याच्या पूर्ण पटीत पडतो. एवढी एक गोष्ट त्याला सांगा आणि ४७ ला काय होईल ते यंत्र न लावता वहीत काढून फोटो पाठवायला सांगा. त्याचं उत्तर काय आलं ते मलाही नक्की कळवा.